मदतीच्या यादीत पहिलं नाव कुणाचं?

जून महिना आला की गावोगावच्या लहान विश्वस्त संस्थांच्या, गणेश मंडळांच्या, माजी विद्यार्थी संघांच्या कपाटांत अर्जांचे गठ्ठे साठू लागतात. कुणाला कॉलेजची फी भरायची असते, कुणाला वसतिगृहाचे पैसे हवे असतात. औषधपाण्याचे अर्ज तर वर्षभर येतच असतात. पैसे चाळीस जणांपुरते आणि अर्ज दीडशे, अशी गत असते. मग एका रविवारी सहा-सात माणसं बसतात आणि दुपारच्या जेवणाच्या आत यादी उरकतात. ही माणसं बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, वेळ पडली तर स्वतःच्या खिशातून घालतात. त्यांच्याशी, आणि त्यांच्याकडे विश्वासाने पैसे सोपवणाऱ्या देणगीदारांशी, मला या यादीबद्दल बोलायचं आहे.

अलीकडे अशा बैठकीत एखादा इंजिनीअर झालेला कार्यकर्ता सुचवतो, की यादी कॉम्प्युटरकडून लावून घेऊ या. फझी लॉजिक आणि जेनेटिक अल्गोरिदम अशी दोन नावं तो घेतो. काही जण दबून गप्प राहतात. काही जण ‘हे माणुसकीचं काम, यंत्राला काय कळणार’ म्हणून विषयच बंद करतात. दोन्ही वागणी मला चुकीची वाटतात. त्या दोन नावांतली पहिली पद्धत, फझी लॉजिक, प्रत्येक संस्थेने याच वर्षी वापरावी असं माझं आवाहन आहे. तिला कॉम्प्युटरही लागत नाही, कागद-पेन पुरतं. दुसरी फार थोड्या संस्थांना लागेल. आणि दोन्ही वापरल्या तरी अर्जदाराच्या घरी जाण्याचं काम सुटत नाही, ते आणखी नीट करावं लागतं.

आज आपण यादी कशी लावतो ते आधी पाहू. बहुधा एक रेषा ओढतो. वार्षिक उत्पन्न अमुक रुपयांच्या आत असेल तर अर्ज घ्यायचा, नसेल तर बाजूला टाकायचा. ही सवय सरकारी योजनांमधून आली. पिवळं रेशनकार्ड वार्षिक १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कितीतरी वर्षं २१ हजार रुपये राहिली. सरकारला कोट्यवधी माणसांसाठी एकच नियम करायचा असतो, त्यामुळे कुठेतरी रेषा ओढणं त्याला भाग पडतं. दीडशे अर्ज पाहणाऱ्या संस्थेवर तशी काय सक्ती आहे? २० हजार ९०० रुपयेवाला निराधार आणि २१ हजार १०० वाला मात्र खाऊन-पिऊन सुखी, हे कुणालाच पटत नाही. दाखला देणाऱ्यालाही पटत नाही. म्हणून तर मर्यादेच्या जेमतेम आत बसणारे आकडे दाखल्यांवर वारंवार दिसतात आणि सगळे ते समजून घेतात. बाहेर राहतो तो खरा आकडा सांगणारा.

रेषेऐवजी गुण द्यावेत, हाही प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. २००२ मध्ये ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची गणना झाली तेव्हा १३ प्रश्न ठरवले होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२, आणि कमी गुण म्हणजे जास्त गरीब. जमीन, घर, अंगावरचे कपडे, दोन वेळचं जेवण, शौचालय, कर्ज, स्थलांतर असे ते प्रश्न होते. कपड्यांची संख्या आणि डोक्यावरचं कर्ज यांना सारखंच वजन! घरात शौचालय बांधलं की गुण वाढायचे आणि कुटुंब यादीतून बाहेर पडायच्या दिशेने सरकायचं. या पद्धतीवर भरपूर टीका झाली. एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००९ मध्ये ती बदलण्याची शिफारस केली.

नुसत्या बेरजेत काय हरवतं, हे आपल्या अर्जांतही पाहता येईल. तुटपुंजी कमाई ही एक अडचण, घरात आजारपण ही दुसरी. पण तुटपुंज्या कमाईच्या घरात कुणाचं डायलिसिस सुरू झालं, तर त्या दोन अडचणी शेजारी शेजारी राहत नाहीत. आजारपण कमाई खातं, कमाई नाही म्हणून कर्ज होतं, कर्जापायी मुलगी कॉलेज सोडते. यादी लावताना हा एकत्र येणारा भार मोजायला हवा. फझी लॉजिकचा उपयोग नेमका इथे आहे.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक लोट्फी झादे यांनी १९६५ मध्ये या गणिताचा पाया घातला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘गरीब’, ‘उंच’, ‘तापलेलं’ असे शब्द आपण रोज वापरतो, पण हो किंवा नाही एवढ्यात ते मावत नाहीत. मग एखादं कुटुंब गरिबीच्या गटात पूर्ण आहे की अर्धं आहे की थोडंसं आहे, हे शून्य ते एक यांमधल्या आकड्याने का सांगू नये? पुढे लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी यांनी आपल्या विद्यार्थ्यासह याच गणितावर प्रयोगशाळेतलं छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. त्यांनी केलं ते असं, की इंजिन चालवणारा अनुभवी माणूस जे तोंडी नियम सांगेल, तेच गणितात उतरवले. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहराची भुयारी रेल्वे या तंत्राने धावू लागली. आपल्याकडे हे शब्द पोचले ते बहुतेक वॉशिंग मशीनच्या जाहिरातींमधून.

ममदानींचं काम मला आपल्यासाठी फार मोलाचं वाटतं. प्रत्येक संस्थेत एखादी ताई, एखादे गुरुजी असे असतात, की ज्यांना अर्ज वाचल्यावर कळतं कुणाचं अडलंय. ‘पोरगी हुशार आहे, आई चार घरची धुणीभांडी करते, बाप अंथरुणाला खिळलाय, हिला थांबवू नका’ असं ते म्हणतात. हा नियमच आहे. तो कागदावर आला नाही, तर त्या ताई ज्या रविवारी बैठकीला येत नाहीत, त्या रविवारी तो नियमही गैरहजर असतो.

तर कागद घ्या आणि करून पाहा. आकडे मी उदाहरणापुरते घेतो, तुमचे तुम्ही ठरवा. कुटुंबाचं दरडोई मासिक उत्पन्न २ हजार रुपये किंवा कमी असेल तर ‘हलाखी’ १ धरा, ६ हजार किंवा जास्त असेल तर शून्य. मधल्यांना त्या प्रमाणात: ३ हजारांना ०.७५, ४ हजारांना ०.५, ५ हजारांना ०.२५. औषधोपचाराचा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर ‘आजारपण’ शून्य, ४० टक्के किंवा जास्त असेल तर १. कर्ज वर्षाच्या उत्पन्नाइतकं असेल तर ‘कर्ज’ १, निम्मं असेल तर ०.५, नसेल तर शून्य.

आता नियम. हलाखी आणि आजारपण दोन्ही असेल तर फार तातडी, ९० गुण. हलाखी आणि कर्ज असेल तर तातडी, ७० गुण. हलाखी आहे पण आजारपण नाही आणि कर्जही नाही, तर मध्यम, ५० गुण. हलाखी नाही, तर १० गुण. नियमात ‘आणि’ आला की त्यातल्या लहान आकड्याइतका तो नियम लागू होतो. ‘नाही’ आलं की एकातून तो आकडा वजा करायचा.

दोन अर्ज घेऊ. पहिल्या घरात दरडोई १,९०० रुपये, आजारपण नाही, कर्ज नाही. दुसऱ्या घरात दरडोई ३ हजार, पण उत्पन्नाच्या ३४ टक्के औषधांवर जातात, आणि कर्ज वर्षाच्या उत्पन्नाच्या ९० टक्के. २,५०० रुपयांची रेषा ओढली असती तर पहिलं घर आत आणि दुसरं बाहेर, विषय संपला. आता मोजा. पहिल्या घराला फक्त तिसरा नियम पूर्ण लागू होतो, गुण ५०. दुसऱ्या घराची हलाखी ०.७५, आजारपण ०.८, कर्ज ०.९. पहिला नियम ०.७५ लागू, दुसराही ०.७५, तिसरा ०.१, चौथा ०.२५. प्रत्येक नियमाचे गुण गुणिले तो किती लागू, यांची बेरीज १२७.५. लागू होण्याच्या आकड्यांची बेरीज १.८५. भागाकार साधारण ६९. दुसरं घर आधी.

आणखी एक गोष्ट तपासा. पहिल्या घराचं दरडोई उत्पन्न २ हजार असतं तरी गुण ५० च राहिले असते, आणि २,१०० असतं तर ४९ झाले असते. शंभर रुपयांनी एक गुण हलतो, अर्ज कापला जात नाही. त्यामुळे दाखल्यावर खोटा आकडा लिहून घेण्याची निकडही कमी होते. पैसे संपतात तिथे शेवटी रेषा येतेच, हे मला मान्य आहे. पण ती कुठे पडली आणि तिच्या खाली-वर कोण आहे हे आता तुम्हाला दिसतं. तिच्या आसपासच्या आठ-दहा घरांकडे पुन्हा जा. कुणाला पूर्ण रकमेऐवजी निम्मी देऊन दोघांचं भागतं का पाहा.

बैठकीत कुणीतरी लगेच विचारील, की उत्पन्न बरं आहे पण कॅन्सरच्या उपचाराने घर धुऊन निघालं, अशा घराला तुमच्या नियमांत १० च गुण मिळतात, हे कसं? बरोबर प्रश्न आहे. मग पाचवा नियम लिहा. हा वाद होऊ द्या, भरपूर होऊ द्या, पण अर्जांची पाकिटं फोडण्याआधी. नावं समोर आल्यावर आकडे ठरवायला बसलात तर जिल्हा परिषद सदस्यांची चिठ्ठी, अध्यक्षांच्या शेजाऱ्याचा मुलगा, सगळे त्या आकड्यांत शिरतात. आकडे आणि नियम आधी ठरवा, ठराव करून इतिवृत्तात नोंदवा आणि संस्थेच्या फळ्यावर लावा. शक्य असेल तर आधीच्या वर्षी मदत घेऊन गेलेल्या दोन-तीन आयांना या बैठकीला बोलवा. दरडोई ६ हजारांत घर चालतं का, हे त्या तुमच्यापेक्षा नेमकं सांगतील.

गणित एवढंच आहे. खरं अवघड काम त्याच्या आधी असतं: हलाखी, आजारपण आणि कर्ज या तीन रकान्यांत लिहायचे आकडे आणायचे कुठून?

रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचं उत्पन्न विचारलं तर तो काय सांगणार? पावसाळ्यात आठ दिवस काम, दिवाळीनंतर वीस दिवस. त्याला एक आकडा मागू नका. सगळ्यांत वाईट महिन्यात किती आणि बऱ्या महिन्यात किती, असं विचारा आणि दोन्ही लिहा. फझी पद्धतीला असा अंदाजे आकडा चालतो, हा तिचा मोठा गुण आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली ऊसतोडीची कुटुंबं घ्या. मुकादमाकडून उचल घेतात, दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. उचल हातात आली तेव्हा ते उत्पन्न दिसतं. असतं ते कर्ज, नवरा-बायकोच्या पुढच्या चार-सहा महिन्यांच्या अंगमेहनतीवर घेतलेलं. आणि तुमचा कार्यकर्ता जानेवारीत चौकशीला गेला तर दाराला कुलूप. तो ‘घरी कोणी भेटलं नाही’ असा शेरा मारून परततो आणि सगळ्यांत गरजू घर यादीतून निघून जातं. या घरांची भेट उन्हाळ्यात ते परतल्यावर किंवा दसऱ्याच्या आत ठेवा.

विधवा, परित्यक्ता बायकांचे अर्ज असेच फसवे दिसतात. रेशनकार्ड सासरच्या एकत्र कुटुंबाचं, त्यावर दिराची कमाई. सातबारा सासऱ्याच्या नावावर, पाच एकर. कागदावर ती बागायतदार घरातली सून असते. खऱ्यात तिची चूल वेगळी असते आणि त्या पाच एकरांतला दाणा तिच्यापर्यंत येत नाही. हे कुठल्याच कागदावर येत नाही, घरी गेल्यावर कळतं, आणि तेही एकट्या पुरुष कार्यकर्त्याला सांगितलं जाईलच असं नाही. घरभेटीला दोघांनी जावं, त्यांतली एक बाई असावी.

‘आमचं गाव लहान आहे, कोण गरीब ते आम्हाला तोंडपाठ आहे’ असं काही जण म्हणतील. त्यात तथ्य आहे, आणि ते तपासलंही गेलं आहे. इंडोनेशियात ६४० वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही ठिकाणी घरातल्या वस्तू, घराचं बांधकाम वगैरेंवरून सूत्राने गरीब ठरवले, काही ठिकाणी गावकऱ्यांनी सभेत क्रम लावला, आणि काही ठिकाणी दोन्हींचा मेळ घातला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नुसत्या खर्चाच्या हिशोबाने सूत्र थोडं जास्त अचूक निघालं, पण गावाने लावलेल्या क्रमाबद्दल लोक जास्त समाधानी होते. एक बारकावा तर प्रत्येक मदत समितीने ध्यानात ठेवावा असा आहे. सभेच्या सुरुवातीला ज्या घरांचा विचार झाला त्यांचा क्रम बऱ्यापैकी बरोबर लागला, शेवटी शेवटी चुका वाढल्या. माणसं थकली होती! आपल्या रविवारच्या बैठकीत एकशेविसाव्या अर्जाचं काय होत असेल, याचा विचार करा. गठ्ठ्यात खाली अर्ज असणं हा काही त्या मुलीचा दोष नाही. कागदावरचे नियम थकत नाहीत. शिवाय अर्ज दोघांनी उलट-सुलट क्रमाने वाचले तर निम्मी चूक तिथेच पकडली जाईल.

आता जेनेटिक अल्गोरिदमकडे येऊ. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या पुस्तकापासून ही पद्धत रूढ झाली. शेतकरी दर हंगामात भरलेली कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतो आणि पुढच्या वर्षी तीच पेरतो, तसं इथे याद्यांचं होतं. कॉम्प्युटर आधी शे-दोनशे याद्या कशाही बनवतो. प्रत्येक यादीला ती किती चांगली म्हणून गुण देतो. चांगल्या याद्या ठेवतो, दोन याद्यांचे तुकडे जोडून नव्या बनवतो, अधूनमधून एखादं नाव मुद्दाम बदलून पाहतो. असं शेकडो पिढ्या चालतं आणि हळूहळू बरी यादी वर येते.

चाळीस-पन्नास अर्ज आणि पैशांची एकच पेटी असेल तर याची काहीच गरज नाही. फझी गुणांनुसार क्रम लावा आणि वरून देत या. गरज कधी पडते? पैशांना अटी असतात तेव्हा. एका देणगीदाराचे पैसे फक्त मुलींच्या शिक्षणाला, दुसऱ्याचे फक्त किडनीच्या रुग्णांना, तिसऱ्याची इच्छा की त्याच्या तालुक्याबाहेर रुपया जाऊ नये, आणि एका घरातले दोन अर्ज दोन पेट्यांत बसतात. साठ अर्जांपैकी कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, एवढ्याच्याच जुळण्या अकरा हजार कोटी कोटींहून जास्त होतात. सगळ्या तपासणं शक्य नाही. तिथे ही पद्धत चांगली जुळणी शोधून देते. मोठ्या संस्थांनी, अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

वापरताना तीन गोष्टी सांभाळा. ‘चांगली यादी’ म्हणजे काय हे कॉम्प्युटरला तुम्ही सांगता. मदत मिळालेल्यांच्या गरजेची बेरीज सर्वांत मोठी व्हावी असं सांगितलंत, तर तो थोड्या थोड्या पैशांत भागणारी पुष्कळ घरं निवडील आणि मोठी रक्कम लागणारं, सर्वांत पिचलेलं घर सोडून देईल. ८० किंवा जास्त गुण असलेलं एकही घर राहता कामा नये, अशी अट घातलीत तर यादी वेगळी येईल. हा निर्णय विश्वस्तांचा आहे, तो प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलावर ढकलू नका. दुसरं, ही पद्धत सुरुवात कशीही करते, म्हणून सोमवारी चालवली तर एक यादी येते, मंगळवारी थोडी वेगळी येऊ शकते. तेव्हा ती वीस-पंचवीस वेळा चालवा. दर वेळी येणारी नावं पक्की धरा. कधी येणारी, कधी न येणारी जी घरं असतील तिथे पुन्हा माणूस पाठवा. त्यांचं भवितव्य कॉम्प्युटरच्या फाशांवर सोडू नका. तिसरी गोष्ट सगळ्यांत धोक्याची. काही जण फझी नियमांतले आकडेही जेनेटिक अल्गोरिदमला शोधायला लावतात, आणि नमुना म्हणून संस्थेच्या मागच्या दहा वर्षांच्या याद्या देतात. त्या याद्यांत डांबरी रस्त्यालगतची घरं जास्त असतील, पारधी वस्तीतलं एकही नाव नसेल, तर तो तेच शिकेल. आणि मग ‘कॉम्प्युटरने काढलंय’ म्हटल्यावर त्याला प्रश्न विचारायची कुणाची हिंमत होणार नाही.

हे भय मी उगाच घालत नाही. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा वेगवेगळ्या सरकारी नोंदी जुळवून कोण पात्र, कोण अपात्र हे ठरवायला मदत करत होती. नावं सारखी असल्याने दुसऱ्याच्या नावावरची चारचाकी गरिबाच्या माथी मारली गेली आणि धान्य बंद झालं, असे प्रकार पुढे आले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात पाळणाघराच्या अनुदानात घोटाळेबाज शोधणाऱ्या यंत्रणेत नागरिकत्व हा एक घटक होता. हजारो पालकांना गुन्हेगार समजून त्यांच्याकडून वसुली झाली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोन्हीकडे माणसांना ‘का’ याचं उत्तर मिळत नव्हतं. आपल्या चार-पाच नियमांच्या कागदाचं मोठेपण हेच, की त्यातला प्रत्येक गुण कुठून आला ते अर्जदाराला बोटाने दाखवता येतं.

म्हणून ज्यांना मदत मिळाली नाही त्यांना पत्र पाठवा किंवा फोन करा, आणि कारण सांगा. ‘तुमच्या घराला ४६ गुण, यंदा ५२ पर्यंत पैसे पुरले, कर्जाचा कागद अर्जासोबत नव्हता, तो पंधरा दिवसांत आणलात तर पुन्हा पाहू’ एवढं कळलं तरी माणूस अपमान झाल्यासारखा परतत नाही. फेरविचारासाठी एकूण रकमेतला दहावा हिस्सा राखून ठेवा, म्हणजे चूक सापडल्यावर हात रिकामे नसतील.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींना माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्यापैकी अनेक जण प्रोजेक्टसाठी हेच विषय घेतात. घ्या, आपल्याच तालुक्यातल्या संस्थेसाठी घ्या. पण प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्याआधी त्या संस्थेच्या दहा घरभेटींना जा. अर्जदारांची नावं, आधार क्रमांक, आजारांची माहिती तुमच्या लॅपटॉपवर आणि ग्रुपवर फिरता कामा नये. अर्जांना क्रमांक द्या, नावं संस्थेच्या कपाटातच राहू द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागची भावनाही हीच आहे. आणि विश्वस्तांनो, धनादेश हातात धरलेल्या मुलीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणंही याच हिशोबात थांबवा. तिच्या वर्गातली मुलं त्याच ग्रुपवर असतात.

शेवटी देणगीदारांकडे येतो, पुण्या-मुंबईतले असोत की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतून पैसे पाठवणारे. ‘माझा प्रत्येक रुपया थेट लाभार्थीला मिळाला पाहिजे’ ही तुमची अट मी समजू शकतो. पण या अटीमुळे संस्थेकडे घरभेटीच्या एसटी भाड्याला पैसे उरत नाहीत, आणि यादी मग बैठकीच्या खोलीतच तयार होते. यंदा देणगी पाठवताना सोबत एक ओळ लिहा: यातले दहा टक्के घरभेटी आणि फेरतपासणीसाठी वापरा. आणि पावतीसोबत लाभार्थींचे फोटो मागण्याऐवजी संस्थेने ठरवलेल्या नियमांची प्रत मागा. ती मिळाली नाही, तर पुढची देणगी पाठवण्याआधी संस्थेला फोन करून विचारा, की यादी कशी लावली.